बेळगावात सेंद्रिय मालाचं दुकान टाकायचंय, पण गिऱ्हाईक कोण?

तिसरं_गेट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माहेर खानापूर तालुक्यात, सासर येळ्ळूर, राहणं टिळकवाडीत. पुण्यातली अकाउंट्सची नोकरी सोडून आम्ही परत आलोय. हे उद्यमबागेत कामाला आहेत. मला सेंद्रिय आणि हेल्दी खाण्याच्या मालाचा धंदा करायचाय. हाताशी सहा लाख आहेत, कर्ज शक्यतो नको.

बेत असा: टिळकवाडीत एक गाळा भाड्यानं घ्यायचा. त्यात बेळगाव बासमती, इंद्रायणी, लाल तांदूळ, नाचणी, राळे, सावा, शाळू, डाळी, घाण्याचं तेल, गूळ, काकवी, मध, तूप, नाचणी माल्ट, लाडू, असा पन्नाससाठ प्रकारचा माल ठेवायचा. माहेरची नाचणी आणि सासरचं भात घरचंच आहे. युरिया घालत नाही असं सासरे सांगतात.

असलं दुकान बेळगावात चालेल का? पाटीवर आणि पाकिटावर "ऑरगॅनिक" लिहायला कागद काय लागतात? अनुभव असलेल्यांनी सांगा. "धंदा करा, मराठी माणसानं पुढं यावं" एवढंच लिहिणाऱ्यांचेही आभार, पण पोट त्यावर भरत नाही.

गणपत_गल्ली

वैनी, राग मानू नका, पण बेळगावात तांदूळ दुकानातनं कोण घेतंय वो? प्रत्येकाचा एक मामा नाहीतर पावणा कडोलीला, उचगावला, किणयेला आहेच. सुगी झाली की वर्षाचं भरून ठेवायचं. "थेट शेतकऱ्याकडून" ही पाटी पुण्यात चालते. हितं लोक विचारणार, कुठल्या शेतकऱ्याकडनं? आणि नाव सांगितलं की म्हणणार, अरे तो तर आमचाच, दोन पोती मला दे म्हणावं.

तिसरं_गेट

राग कसला. तेच तर विचारतेय. पण टिळकवाडी, हनुमाननगरकडं नोकरीनिमित्त बाहेरनं आलेली माणसं खूप आहेत. त्यांचे मामा इथं नाहीत.

रविवार_पेठ

किराणा घाऊकमध्ये आमची तिसरी पिढी. थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

ताई, पन्नाससाठ प्रकार हीच मोठी अडचण. तुमच्या सहा लाखांतले डिपॉझिट, फर्निचर, वजनकाटा, फ्रीज यांत दोनअडीच सहज गेले. उरलेल्यात साठ प्रकारचा माल भरला तर प्रत्येकाला किती येतात ते तुम्ही अकाउंट्सवाल्या, तुम्हीच बघा. आणि त्या साठातले खपणार दहा. राळे, सावा, कोद्रू हे गिऱ्हाईक एकदा हौसेनं नेतं, करायचं कसं ते जमत नाही, परत येत नाही. तो माल तुमच्या फळीवर पाऊस बघणार.

पावसाचं मुद्दाम सांगतो. आपल्याकडं जूनपासनं हवा कशी होते माहिताय. साध्या दुकानदाराच्या गोदामात धुरी देतात, तुम्हाला सेंद्रिय म्हटल्यावर ती देता येत नाही. बिनपॉलिशच्या तांदळात सोंडे, रव्यात आणि पिठात जाळी, डाळीत भुंगे. गिऱ्हाईकाला तोंडानं "कीड लागली म्हणजे औषध नाही" हे पटतं, पण पाकीट मात्र परत आणून टेबलावर ठेवतं. भाताला तुसाचं कवच असतं, ते भात म्हणूनच ठेवा आणि लागेल तसं, पंधरवड्याचं, गिरणीतनं काढून आणा. क्विंटल भाताला साठपासष्ट किलो तांदूळ धरा, कणी वेगळी. वाळवण पक्की पाहिजे. दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे, नुसतं उन्हात दाखवून आणलेलं चालत नाही. हवाबंद पिशव्या मिळतात, आत लायनर असलेल्या, त्यांत धान्य भरून तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू संपून कीड मरते. पोत्यापेक्षा महाग पडतात, पण फुकट गेलेल्या मालापेक्षा स्वस्त.

बाजरीचं पीठ दळून ठेवूच नका. त्यातलं तेल लवकर खवट होतं, कडू लागतं. दळून मागितलं तर समोर दळून द्या.

खातेवही

कर सल्लागार आहे, त्यामुळं कागदांचं सांगतो. चहा घेऊन बसा.

पहिलं, खाण्याचा धंदा म्हटलं की एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा खातं. लहान उलाढालीला नोंदणी, त्यावर राज्याचा परवाना, त्याहून मोठ्याला केंद्राचा. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत नोंदणी आणि तिची फी वर्षाला १०० रुपये अशी सोय होती. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरची चालू मर्यादा बघा. घरच्या पत्त्यावरही नोंदणी होते. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता "ऑरगॅनिक". सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे, लागू झाले १ जुलै २०१८ पासून. पाकिटावर सेंद्रिय म्हणायचं तर माल दोनपैकी एका रस्त्यानं प्रमाणित हवा: अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या देखरेखीखालचा, बाहेरच्या संस्थेकडनं तपासणी करून घ्यायचा एनपीओपी, नाहीतर शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांच्या शेताची तपासणी करायची तो पीजीएस-इंडिया. मग पाकिटावर सेंद्रियाचं सरकारी चिन्ह. वर्षाला १२ लाखांच्या आतला मूळ शेतकरी स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण चिन्ह वापरता येत नाही.

ताई, यातला "मूळ शेतकरी" हा शब्द नीट वाचा. तुमचे सासरे स्वतः विकतील तेव्हा ते त्यात बसतात. तुम्ही दहा शेतकऱ्यांचा माल गोळा करून दुकानात विकायला लागलात की तुम्ही व्यापारी. शिवाय एनपीओपीचा प्रमाणित माल पोत्यानं आणून फोडलात आणि तुमच्या नावाच्या अर्ध्या-एक किलोच्या पिशव्या केल्यात, तर पिशव्या भरणाऱ्या तुमच्या जागेलाही प्रमाणपत्र लागतं. हे बहुतेकांना कळतं तेव्हा पिशव्या छापून झालेल्या असतात.

"मग नुसतं नॅचरल लिहितो" हाही पळवाटेचा रस्ता नाही. २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमांत नॅचरल, प्युअर, ट्रॅडिशनल असल्या शब्दांनाही अटी आहेत. सगळ्यात सुरक्षित म्हणजे गावाचं नाव, वाणाचं नाव, कापणीचा महिना. ते खरं असलं की पुरे.

जीएसटीचं सीमाभागातल्या लोकांनी वेगळं लक्षात ठेवावं. माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी नको हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती सवलत राज्यातल्या राज्यात. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की कलम २४ प्रमाणं पहिल्या रुपयापासून नोंदणी. बेळगावचं गिऱ्हाईक चंदगड, कोल्हापूर, फोंडा, म्हापसा असं तासा-तीन तासांच्या वाटेवर पसरलेलं, आणि मधे राज्याची हद्द. सुट्या तांदळाला, नाचणीला, गुळाला कर नाही. तोच माल २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटात घातला की १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. म्हणजे म्हापशाला कुरिअरनं पाठवलेलं किलोचं पाकीट करपात्र. माल्टमध्ये साखर, वेलची, सुकामेवा घातलात तर एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा कोड, बदलतो, तो सीएकडनं आधी ठरवून घ्या.

गणपत_गल्ली

हे वाचून दुकान बंद करायची इच्छा झाली, आणि माझं दुकानच नाही.

हलकर्णी_फाटा

चंदगड तालुक्यातला शेतकरी. आमच्या पाच-सहा जणांच्या गटाची पीजीएस नोंदणी आहे म्हणून लिहितोय. किमान पाच शेतकरी लागतात. कागद फार अवघड नाहीत. अवघड आहे ते दर हंगामाला एकमेकांच्या बांधावर जाऊन खरं लिहिणं. भावकीतल्या माणसाच्या शेतात तणनाशकाचा डबा दिसला तर वहीत लिहायचं का? लिहिलं तर लग्नाला बोलावणार नाहीत, नाही लिहिलं तर गट बुडाला.

रासायनिकवरनं सेंद्रियावर यायच्या काळात "पीजीएस-ग्रीन" मिळतं, पूर्ण झाल्यावर "पीजीएस-ऑरगॅनिक". एनपीओपीत हंगामी पिकाला दोन वर्षं आणि काजू-आंब्यासारख्या कायमच्या झाडाला तीन वर्षं जातात. त्या काळात पिकाचा उतारा कमी पडतो आणि दर साधाच मिळतो. सासऱ्यांनी युरिया सोडला असेल, पण शेजारच्या उसात काय मारतात ते बघा. वाऱ्यानं आणि पाटाच्या पाण्यानं तुमच्याकडं येतं. मधे पट्टा सोडावा लागतो आणि गुंठ्या-गुंठ्याला जीव लावणारा माणूस तो सोडत नाही.

नाचणीचं म्हणाल तर माळरानावर, डोंगरउतारावर लोक मुळातच खत कमी घालतात. तिथं सेंद्रिय करणं भातापेक्षा सोपं. पण गवे आणि रानडुकरं. रात्री राखण करणाऱ्याची मजुरी दरात धरणारा व्यापारी अजून भेटायचाय. ताई, तुम्ही धराल तर बोलू.

तिसरं_गेट

दादा, धरीन. माहेरी पण रात्री राखणीला माळ्यावर बसायला आता कोणी तयार होत नाही, माहीत आहे. व्यनि (खासगी निरोप) करते.

ऊसकरी_चिकोडी

गुळाचं कोणीच बोललं नाही म्हणून. बाजारात पिवळाधमक गूळ दिसतो तो हायड्रॉसनं, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. गिऱ्हाईकाला तोच रंग पाहिजे असतो आणि वर "केमिकलवाला नको" म्हणतं. रंग नको म्हणून सोडलं की गूळ तांबडा-काळपट येतो. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि बेतानं चुना, एवढ्यावर चांगला गुळव्या काम भागवतो. पण तसा गुळव्या धरून ठेवावा लागतो. काहील उतरवायची वेळ चुकली तर ढेप धरत नाही, धरली तर दगड.

ढेप घेऊ नका. पावसाळ्यात पाझरते, वरनं बुरशी येते. पावडर नाहीतर अर्धा किलोचे रवे, म्हणजे लहान खडे, करून घ्या, आणि जानेवारी ते मार्चमधलाच माल वर्षाचा भरून ठेवा. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत (मुदत २०२५-२६ पर्यंतची) बेळगाव जिल्ह्याचं "एक जिल्हा एक उत्पादन" म्हणजे गूळच. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाशी जोडलेलं. कर्नाटक सरकार त्यावर आणखी १५ टक्के घालतं. कर्ज नको म्हणालात तर अनुदानही नाही, हे आधीच सांगतो.

पर्वरीकर

गोव्यात राहतो, मूळ अनगोळचा. आमच्याकडची भाजी रोज बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं येते, तेव्हा बेळगावच्या मालावर विश्वास ठेवायला इथं कोणाला शिकवावं लागत नाही. पण "बेळगाव बासमती" म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं इंद्रायणी असतं, आणि वास दोन धुण्यांत जातो. खरा बासमती बारीक, आखूड, शिजताना शेजाऱ्याला कळणारा. तो कोणी माझ्या सोसायटीत महिन्याला आणून दिला तर आम्ही दहा-बारा घरं आत्ता नाव नोंदवतो. दर विचारणार नाही असं नाही, पण दोनदा विचारणार नाही.

गणपत_गल्ली

हे बघा वैनी. गिऱ्हाईक गोव्यात बसलंय आणि तुम्ही टिळकवाडीत गाळा बघूलालात.

तिसरं_गेट

@पर्वरीकर, खरा बासमती येळ्ळूरलासुद्धा आता थोडाच लावतात. उंच वाढतो, पावसात लोळतो, उतारा कमी. सासरे घरापुरता करतात. जास्त लावायला सांगायचं तर आधी दर ठरवून द्यावा लागेल.

रविवार_पेठ

तेच करा. रोपं टाकायच्या आधी दर बोला आणि थोडी उचल द्या. सुगीत दर बोलायला गेलात तर मिलवाला तुमच्या पुढं उभा असतो.

शहापूर_कोरे_गल्ली

पाटीचं काय? दुकानावर ६० टक्के कन्नड पाहिजे. आमच्याच गावात आमच्याच भाषेत...

खातेवही

त्यावर स्वतंत्र धागे आहेत, तिथं मीही भांडतो. इथं धंद्यापुरतं: पाटीवर ६० टक्के कन्नड हा २०२४ चा कायदा आहे, पाटी रंगवायच्या आधीच मोजून घ्या, नंतर दोनदा पैसे जातात. पाकिटावर केंद्राच्या नियमानं इंग्रजी नाहीतर देवनागरीतली हिंदी हवीच. नुसतं मराठी लेबल कायद्याला पुरत नाही. राज्यात तयार होऊन राज्यात विकायच्या मालावर कन्नडही घाला. मराठी तिसरी म्हणून खुशाल घाला, कोणी अडवत नाही. त्यात निव्वळ वजन, एमआरपी, युनिटचा दर, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, बॅच, हिरवा ठिपका, तक्रारीचा फोन हे सगळं अर्ध्या किलोच्या पिशवीवर बसवायचं. सुरुवातीला कोरी पिशवी आणि वर स्टिकर. दहा हजार पिशव्या छापून घेऊ नका.

पथ्यपाणी

आहारतज्ज्ञ म्हणून एक विनंती. "शुगरवाल्यांनी गूळ बिनधास्त खावा" असं दुकानात कोणी सांगू नका. गूळ रसायनाशिवायचा असला तरी रक्तातली साखर वाढवतोच. नाचणीत कॅल्शियम खरंच भरपूर आहे, १०० ग्रॅमला ३५० मिलीग्रॅमच्या आसपास, आणि मोड आणले की ते अंगी लागायला मदत होते. एवढं खरं सांगितलं तरी माल विकला जातो. "गुडघेदुखी बरी" असं लिहिलंत तर ती औषधाची जाहिरात झाली, नियमातही बसत नाही. माझ्याकडं येणारे निम्मे लोक माल्टचा डबा घेऊन येतात आणि मागचं लेबल वाचायला लावलं की पहिला घटक साखर निघतो. तुम्ही बिनसाखरेचं द्या, मी स्वतः लोकांना नाव सांगीन.

अनगोळचा_घाणा

तेलाचा हिशेब कोणी दिला नाही. समजा शेंगदाणा १२० रुपये किलो. शंभर किलोला लाकडी घाण्यावर चाळीसेक किलो तेल. बारा हजारांतनं पेंडीचे दोन-सव्वादोन हजार वजा केले तर किलोला २४५-२५०, लिटरला २२५ च्या आसपास नुसता कच्चा माल. त्यावर वीज, मजुरी, बाटली, गाळ बसेपर्यंतचे दिवस. शेजारच्या दुकानात रिफाइंड याच्या खूप खाली मिळतं. म्हणून कोणी दीडशेला "घाण्याचं" देत असेल तर काय ते समजा. दुसरं, लोक घरनं डबा घेऊन येतात आणि सुटं तेल मागतात. सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, बंद बाटलीतनंच द्यावं लागतं. मशीन घेऊ नका. माझ्याकडं नाहीतर आणखी कोणाकडं दाणे देऊन काढून घ्या, आणि तेही दुसऱ्या वर्षी.

तिसरं_गेट

सगळ्यांची उत्तरं वाचून घरी बसून कागद मांडला. गाळा रद्द. घरच्या पत्त्यावर नोंदणी. माल तीनच: येळ्ळूरचा बासमती, खानापूर-चंदगडची नाचणी आणि तिचं बिनसाखरेचं माल्ट, आणि चिकोडीकडचा गुळाचा रवा. "ऑरगॅनिक" शब्द कुठंच नाही, वाण आणि गाव लिहायचं. हलकर्णीच्या दादांच्या गटाची नाचणी तेवढी पीजीएसची, ती वेगळी ठेवीन. जीएसटी पहिल्या दिवसापासून, कारण पर्वरीची दहा-बारा घरं सोडायची नाहीत. सासऱ्यांशी बोलले. म्हणाले, दर लिहून दे, मग दोन एकर बासमती लावतो. सुनेकडनं लिहून मागणारे सासरे, हे येळ्ळूरलाच.

आता अडकलंय ते माल्टवर. आई रात्रभर नाचणी भिजत घालते, फडक्यात बांधून मोड आणते, गच्चीवर वाळवते, मंद भाजून दळते. मार्च-एप्रिलमध्ये झकास होतं. जुलैमध्ये मोड आलेली नाचणी वाळेपर्यंत आंबूस वास येतो. ड्रायर घ्यावा का? किती किलोचा?

हलकर्णी_फाटा

घट धरा आधी. मुळं चोळून पाखडली, भाजली, चाळली की किलोमागं शंभर-दीडशे ग्रॅम जातात.

बचत_गट_नंदगड

आमच्या गटात करतो. उन्हाचा ड्रायर पावसात उपयोगाचा नाही, विजेचा ट्रे ड्रायर लागतो. सिंगल फेजवर चालणारा लहानच घ्या. ताटलीत जाड थर घालू नका, मधली ओलीच राहते आणि तीच वास मारते. हात घालून बघायचं, मूठ उघडल्यावर दाणे सुटे पडले पाहिजेत. वाळलेलं तसंच गरम डब्यात भरू नका, झाकणाला आतनं घाम येतो. विकत घ्यायच्या आधी मट्टीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, धारवाडच्या कृषी विद्यापीठात सेंद्रिय शेतीची वेगळी संस्थाच आहे, तिथंही विचारा. आणि पहिल्या पावसाळ्यात ड्रायर घेण्यापेक्षा आमच्याकडं या, किलोवर भाडं देऊन वाळवून न्या. गुरुवार सोडून कधीही. गुरुवारी लाईट नसते.

गणपत_गल्ली

वैनी, पहिला बासमती निघाला की दोन किलो माझेही लिहा. मामा यंदा देत नाही म्हणाला.